धावण्याआधीची शर्यत

मोटारींच्या शर्यतींविषयी आपल्या घरांतून साधारणपणे दोन मते ऐकू येतात. वडीलधाऱ्या मंडळींना त्या पैशाचा आणि इंधनाचा अपव्यय वाटतात. तरुणांना त्यांत वेगाची आणि धाडसाची मोहिनी दिसते. दोन्ही पक्षांचे लक्ष असते ते धावत्या गाडीकडे. गाडी धावू लागण्यापूर्वी आठवडेच्या आठवडे जे काही चाललेले असते, त्याची वार्ता फारशी कोणाला नसते. वस्तुतः शर्यतीचा बराचसा निकाल तेथेच लागून गेलेला असतो. गेल्या डिसेंबर महिन्यात निंबोला येथे चार दिवस मुक्काम करण्याचा योग आला, त्या वेळी आम्हांस याचा प्रत्यय आला.

निंबोला हे बुऱ्हाणपूरहून असीरगडाकडे जाताना लागणारे, इंदूर-इच्छापूर महामार्गावरचे गाव. आसपास केळी आणि कापूस यांची शेते, उत्तरेस सातपुड्याच्या रांगा आणि रस्त्यावर ट्रकांची अखंड वर्दळ. असीरगडाला पूर्वी दक्षिणेचे दार म्हणत. त्या दारातून आजही उत्तरेचा माल दक्षिणेत उतरतो. साहजिकच डोंगरवाटेने उतरून आलेल्या गाड्यांचे ब्रेक, पाटे आणि बेअरिंगे यांची चिकित्सा करणारे मिस्त्री या रस्त्यावर आढळतात. अशाच एका वृद्ध मिस्त्रींच्या शेडमध्ये इंदूरच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातील तीन विद्यार्थी, दोन मुलगे आणि एक मुलगी, फडक्यात गुंडाळलेला एक जिन्नस घेऊन आले होते. मुलगी याच परिसरातील एका जुन्या मराठी घराण्यातील. जानेवारीत कोइमतूरला त्यांच्या संघाची शर्यत होती आणि पुढच्या चाकाचे बेअरिंग आपल्या घरात सैल झाले होते.

नियमांची शर्यत

‘फॉर्म्युला’ हा शब्द आता खेड्यापाड्यांतही पोहोचला आहे; पण त्याचा अर्थ पुष्कळांना ठाऊक नसतो. फॉर्म्युला म्हणजे नियमावली. इंजिन केवढे असावे, वजन किती असावे, चालकाच्या रक्षणासाठी काय काय हवे, हे आधी ठरते आणि त्या चौकटीत बसणाऱ्या गाड्याच एकमेकींशी स्पर्धा करतात. फॉर्म्युला वनच्या जागतिक अजिंक्यपदाची पहिली शर्यत १३ मे १९५० रोजी इंग्लंडमधील सिल्व्हरस्टोन येथे झाली. आपल्या देशात मद्रासजवळच्या शोलावरम येथील जुन्या विमानपट्टीवर अनेक वर्षे शर्यती होत. पुढे १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात कोइमतूरच्या एस. करिवर्धन यांनी मारुती ८०० चे इंजिन बसवून एका आसनाची ‘फॉर्म्युला मारुती’ घडविली. ज्या गाडीचे सुटे भाग गल्लीतल्या दुकानात मिळत, त्या गाडीने शर्यतीचे दार सामान्यांना किलकिले करून दिले. कोइमतूरची करी मोटर स्पीडवे ही धावपट्टी त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

विद्यार्थ्यांची फॉर्म्युला शर्यत ही याच कुळातली धाकटी पाती. अमेरिकेत ती १९८१ साली सुरू झाली, इंग्लंडमध्ये १९९८ साली. आता भारतातही तिची मुळे रुजली आहेत. मुंबईच्या आयआयटीचे विद्यार्थी विजेवर चालणारी गाडी घेऊन सिल्व्हरस्टोनपर्यंत जाऊन आले आहेत. आपल्या इंदूरजवळच्या पिथमपूर येथे २००७ पासून खडबडीत रस्त्यावरच्या ‘बाहा’ गाड्यांची विद्यार्थीस्पर्धा सुरू झाली. तेथून परतलेल्या मुलांनीच माळव्यात आणि निमाडात हा छंद पसरविला, असे या तिघांचे म्हणणे पडले.

या स्पर्धेचे वैशिष्ट्य असे की, एकूण १००० गुणांपैकी ३२५ गुण गाडी एक फूटही न हलता मिळतात अथवा गमावले जातात. गाडीची रचना अशीच का केली, तिला खर्च किती आला, ती विकावयाची झाल्यास व्यवहार कसा मांडाल, या प्रश्नांची उत्तरे परीक्षकांपुढे द्यावी लागतात. तत्पूर्वी तपासणीचे दिव्य असतेच. गाडी ६० अंशांत कलती करून पाहतात. तेलाचा थेंब सांडता कामा नये की चाक उचलले जाता कामा नये. चालकाला ५ सेकंदांत बाहेर पडता आले पाहिजे. विजेच्या गाडीवर पाण्याचे फवारे सोडतात. पेट्रोलच्या गाडीत इंजिनाला जाणारी सगळी हवा २० मिलिमीटरच्या भोकातूनच घ्यावी लागते, म्हणजे बेफाम वेगाला आपोआप वेसण बसते. आणि ब्रेक दाबताच चारही चाके एकदम जखडली गेली पाहिजेत. वर्षभर खपून तयार केलेली गाडी या तपासणीतच अडकली आणि पट्टीवर उतरलीच नाही, असे कितीतरी संघांच्या नशिबी येते.

बुश की नवा भाग?

मिस्त्रींनी गाडीचे छायाचित्र पाहिले आणि पहिला प्रश्न विचारला तो ती किती पळते हा नव्हे, तर थांबते कशी हा. मुलांच्या चेहऱ्यावर स्मित उमटले. परीक्षकांचाही हाच प्रश्न असतो.

वाद होता तो असा. बेअरिंग ज्या ॲल्युमिनियमच्या घरात बसते, ते घर झिजले होते. एका मुलाचे म्हणणे, नवा, वजनाला हलका भाग कारखान्यातून नुकताच तयार होऊन आला आहे, तोच बसवावा. रचनेचे गुण वाढतील आणि वळणावर गाडी चपळ होईल. दुसऱ्याला ते पटत होते. परंतु मागच्या वर्षीची आठवण त्याला सोडीत नव्हती. सुमारे २२ किलोमीटरच्या दीर्घ फेरीत, चालक बदलून झाल्यावर, एक बोल्ट ढिला होऊन त्यांची गाडी थांबली होती. गुणांचा सर्वांत मोठा वाटा याच फेरीत असतो आणि तो सगळा त्यांच्या हातून गेला.

शेडबाहेर चहाच्या टपरीवर जमलेली मंडळीही एव्हाना या चर्चेत ओढली गेली. कोणी पुण्याच्या संघांची बाजू घेतली, कोणी मुंबईच्या. एका केळीच्या व्यापाऱ्याने तर आपला संघ पहिल्या दहांत येईल की नाही यावर पैज लावण्याची तयारी दाखविली. मिस्त्री मात्र तो भाग बोटांनी चाचपीत स्वस्थ बसले होते. अखेर निमाडी वळणाच्या हिंदीत ते म्हणाले, त्याचा आशय असा: जुन्या घराला लेथवर साफ करून पोलादी बुश बसविता येईल. वजन थोडे वाढेल. पण हा तुकडा वर्षभर रस्ता पाहून आला आहे. नव्याने अजून एक खड्डाही पाहिलेला नाही. घाटात उतरताना कोणी नवा ब्रेक तपासत नसतो, बेटा.

गाडीच्या पुढच्या चाकांची जबाबदारी मुलीकडे होती, म्हणून निर्णयही तिचाच. तिने वहीत काही आकडेमोड केली, वजनामुळे किती गुण जातील ते मांडले, आणि गाडी पूर्ण न धावल्यास किती जातील तेही मांडले. मग म्हणाली, “काका, बुशच बसवा.” बोल्ट आवळल्यावर त्यावर रंगाची बारीक रेघ ओढण्याची मिस्त्रींची रीत पाहून ती चकित झाली. बोल्ट जरा जरी फिरला, तरी रेघ तुटलेली दिसते. शर्यतीच्या पट्टीवरही संघ हेच करतात, असे तिने सांगितले, तेव्हा मिस्त्रींनाही बरे वाटले.

तिचे वडील संध्याकाळी तेथे आले. त्यांची काळजी वेगळी होती. शेवटचे वर्ष, हजेरी कमी, नोकरीच्या मुलाखती तोंडावर, आणि मुलगी रात्र-रात्र कार्यशाळेत. ही काळजी खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. यात अभ्यास मागे पडलेली मुलेही असतात. परंतु मुलीची ती वही त्यांनी हाती घेतली, बराच वेळ पाहिली, आणि लेथचे पैसे स्वतःच देऊन टाकले.

मोठ्या शर्यतीचा दाखला

ज्यांना हे सारे पोरखेळ वाटेल, त्यांनी १९ जून २००५ ची इंडियानापोलिसची शर्यत आठवावी. टायरांचा भरवसा न उरल्यामुळे त्या दिवशी १४ गाड्या सुरुवातीलाच माघारी फिरल्या आणि केवळ ६ गाड्या धावल्या. त्यांत कोइमतूरचे नारायण कार्तिकेयन चौथे आले. फॉर्म्युला वनमध्ये गुण मिळविणारे ते पहिले भारतीय ठरले. जगातील बलाढ्य संघांनाही त्या दिवशी वेगाने नव्हे, तर रबराने हरविले. तयारीत राहिलेली उणीव मैदानावर कोणतीही हुशारी भरून काढू शकत नाही.

निंबोल्याच्या त्या बुशाचे काय झाले, ही उत्सुकता वाचकांना असेलच. जानेवारीत मुलीचे पत्र आले. चपळाईच्या फेरीत साखळी उतरल्याने गुण गेले, पहिल्या दहांत संघ आला नाही. व्यापाऱ्याची पैज बुडाली. मात्र दीर्घ फेरी गाडीने अखेरपर्यंत पूर्ण केली आणि चाक काढून पाहिले, तेव्हा रंगाची रेघ अखंड होती.

आपल्या घरांतील मुले-मुली अशा स्पर्धांतून परततात, तेव्हा आपण चटकन विचारतो, कितवा नंबर आला? यापुढे त्यांना एवढेच विचारून पाहावे, की गाडी शेवटपर्यंत धावली का, आणि थांबली असेल तर कशामुळे. या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ज्याला नीट देता येते, त्याचे वर्ष वाया गेले असे समजण्याचे कारण नाही.