टायसनचा ठोसा अन् ‘नुरा कुस्ती’. निकाल ठरलेला, मग खरे काय?

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापुरात नव्वदच्या दशकात केबल टीव्हीसमोर वाढलेल्या पिढीला डब्ल्यूडब्ल्यूएफ नवे नाही. २९ मार्च १९९८ रोजी बॉस्टनमधील त्यांच्या ‘रेसलमेनिया १४’मध्ये चक्क बॉक्सर माइक टायसन अवतरला.

टायसनच का?
१९९७ मध्ये होलिफिल्डचा कान चावल्याने त्याचा बॉक्सिंग परवाना रद्द झाला होता. कुस्तीवाल्यांना हीच दहशत हवी होती. तो रिंगबाहेरचा विशेष ‘एन्फोर्सर’ झाला. आधी शॉन मायकल्सचा साथीदार म्हणून मिरवला; ऐनवेळी स्टीव्ह ऑस्टिनसाठी तीन मोजून मोकळा झाला आणि जाब विचारणाऱ्या मायकल्सला एका ठोशात आडवे केले.

सगळे ठरलेले?
होय. हे मनोरंजन असल्याचे कंपनीने १९८९ मध्येच न्यू जर्सीत मान्य केले होते. आपल्याकडे ‘नुरा कुस्ती’ ही प्रेक्षकांची फसवणूक ठरते; तिथे तिचेच तिकीट विकले जाते.

मग खरे काय?
दुखापत. मायकल्स त्या रात्री दुखऱ्या पाठीने खेळला आणि नंतर चार वर्षे लढतींपासून दूर राहिला. घरच्या गादीवर हे डाव करणाऱ्या मुलांना एवढे सांगायलाच हवे.