विश्लेषण : संगणक बदलला, तरी डेस्कटॉप तोच! ‘रोमिंग प्रोफाइल’ कसे चालते?

महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेत सोमवारी एका संगणकावर प्रकल्प अहवाल लिहिला. मंगळवारी दुसऱ्या संगणकासमोर जागा मिळाली आणि डेस्कटॉप रिकामाच! ही अडचण दूर करण्यासाठी विंडोजमध्ये ‘रोमिंग युजर प्रोफाइल’ची सोय आहे. मात्र ती नीट समजून न घेता वापरली, तर केलेले काम वायाही जाऊ शकते.

रोमिंग प्रोफाइल म्हणजे काय?
डेस्कटॉपवरील फाइल्स, डॉक्युमेंट्स, वॉलपेपर, प्रोग्रामच्या सेटिंग्ज हे सारे मिळून वापरकर्त्याचे ‘प्रोफाइल’ होते. एरवी ते त्या-त्या संगणकावरच राहते. रोमिंगमध्ये त्याची मूळ प्रत सर्व्हरवर असते. लॉग-इन करताना ती समोरच्या संगणकावर उतरते, लॉग-ऑफ करताना बदलांसह सर्व्हरवर परत जाते.

मांडणी कशी करतात?
त्यासाठी संगणक ‘अॅक्टिव्ह डिरेक्टरी’ डोमेनला जोडलेले असावे लागतात. सर्व्हरवर एक शेअर फोल्डर तयार केले जाते. प्रत्येकाला फक्त स्वतःचेच फोल्डर उघडता येईल, अशा परवानग्या दिल्या जातात. मग वापरकर्त्याच्या खात्यातील ‘प्रोफाइल’ टॅबमध्ये त्या शेअरचा पत्ता आणि शेवटी युजरनेम लिहिले, की पुढच्या लॉग-इनपासून स्वतंत्र फोल्डर आपोआप तयार होते.

लॉग-इन का रखडते?
सर्वाधिक तक्रार याचीच असते. समजा, ५० विद्यार्थी एकाच वेळी अशा संगणकांवर बसले, जिथे त्यांची जुनी प्रत नाही. प्रत्येकाचे प्रोफाइल १ जीबीचे असेल, तर एकूण ५० जीबी सर्व्हरवरून उतरवावे लागतील. सर्व्हरची जोडणी १ गिगाबिटची असल्यास, सारे सुरळीत चालूनही साडेसहा मिनिटांहून अधिक वेळ जाईल. डेस्कटॉपवर ठेवलेल्या चित्रफितींचा भुर्दंड असा सगळ्यांनाच बसतो.

फाइल गायब कशी होते?
बदल सर्व्हरवर पोहोचतात ते प्रामुख्याने लॉग-ऑफच्या वेळी. लॉग-ऑफ न करता थेट वीज बंद केली, तर नवे काम त्याच संगणकावर अडकून पडते. दोन संगणकांवर एकाच वेळी लॉग-इन केल्यास, नंतर लॉग-ऑफ झालेल्या संगणकावरील सेटिंग्ज आधीच्यांवर चढतात. ‘तात्पुरत्या प्रोफाइलने लॉग-इन झाले आहे’ असा संदेश आला, तर अधिक सावध राहावे. त्यातील काम लॉग-ऑफ होताच पुसले जाते. अशा वेळी फाइल लगेच पेनड्राइव्हवर घ्यावी.

उपाय काय?
‘फोल्डर रीडायरेक्शन’ची जोड द्यावी. त्यात डॉक्युमेंट्स आणि डेस्कटॉप ही फोल्डर थेट सर्व्हरवरच राहतात, त्यामुळे प्रत्येक वेळी ने-आण होते ती हलक्या सेटिंग्जची. विंडोजच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांची प्रोफाइल्स एकमेकांना चालत नाहीत. विंडोज ७ चे फोल्डर ‘व्ही २’, तर विंडोज १० च्या २०१६ मधील १६०७ आवृत्तीपासूनचे ‘व्ही ६’ या शेपटीने ओळखले जाते. म्हणून प्रयोगशाळेत शक्यतो एकच आवृत्ती ठेवावी.

हा बॅकअप आहे का?
नाही. फाइल चुकून पुसली, तर तो बदलही सर्व्हरवर जातो. त्यामुळे सर्व्हरचा स्वतंत्र बॅकअप ही व्यवस्थापकाची जबाबदारी. आणि वापरकर्त्याची? उठताना संगणकाचे बटण न दाबता आधी लॉग-ऑफ करणे!