वाघिणीच्या अंगावरची अक्षरे

पत्रावर नुसते 'मलकापूर' लिहून ते टपालपेटीत टाकले तर ते कुठे जाईल? महाराष्ट्रात मलकापूर एकच नाही. एक बुलढाणा जिल्ह्यात, भुसावळ-नागपूर लोहमार्गावर. दुसरे कराडला खेटून. तिसरे कोल्हापूर जिल्ह्यात शाहूवाडी तालुक्यात, आंबा घाटाच्या अलीकडे. हा घोटाळा होऊ नये म्हणून १९७२पासून आपण पत्त्यात पिनकोड लिहितो. नाव सारखे असले तरी आकडे वेगळे असतात.

कोल्हापूरच्या मलकापूरला रेल्वे नाही. तेथील मुलांना मालगाडी पाहायची तर घाटाखाली रत्नागिरीला उतरावे लागते, नाहीतर कोल्हापूर गाठावे लागते. कोल्हापूर-मिरज लोहमार्ग १८९१मध्ये सुरू झाला. त्यावरून साखर, खत, सिमेंट यांची ने-आण होते. मालगाडीच्या डब्याला आपल्याकडे 'वाघीण' असा झोकदार शब्द आहे. पण एकसारख्या पन्नास वाघिणींतून नेमकी एक ओळखायची कशी? येथेही आकडेच कामी येतात.

अकरा आकड्यांची ओळख

प्रत्येक वाघिणीच्या अंगावर अकरा आकडी क्रमांक रंगवलेला असतो. पहिले दोन आकडे वाघिणीचा प्रकार सांगतात. पुढचे दोन ती कोणत्या रेल्वेच्या मालकीची ते, आणि त्यापुढचे दोन ती कोणत्या वर्षी बांधली ते. नंतरचे चार तिचा स्वतःचा क्रमांक. अकरावा आकडा मात्र मोठा गमतीचा आहे. तो पहारेकरी आहे!

एक काल्पनिक क्रमांक घेऊ : ३१ ०१ १२ ३४५६. हे झाले दहा आकडे. यांतल्या सम स्थानांवरच्या आकड्यांची बेरीज करा : १+१+२+४+६ = १४. तिला ३ने गुणा : ४२. विषम स्थानांवरच्या आकड्यांची बेरीज : ३+०+१+३+५ = १२. दोन्ही मिळून ५४. यापुढची दहाची पट ६०, म्हणून अकरावा आकडा ६.

वाघिणीवरचे आकडे इंग्रजी असतात. समजा, सातव्या स्थानावरच्या इंग्रजी तीनच्या डाव्या अंगाला कुणी रंगाचा एक वळसा ओढला. झाला त्याचा आठ! आता बेरीज ५९ येते आणि अकरावा आकडा १ असायला हवा. प्रत्यक्षात तेथे ६ आहे. पहारेकऱ्याने चोर पकडला. कोणताही एक आकडा बदलला तरी ही चूक निसटत नाही. का, ते वर्गात शिक्षकांच्या मदतीने सिद्ध करून पाहा.

एक आकडा पार पुसला गेला तर उरलेल्या दहांवरून तो शोधूनही काढता येतो. पण दोन आकडे पुसले गेले की गणिताचे हात टेकतात. एकाऐवजी दहा उत्तरे येतात.

रंगाखाली काय झाकले जाते?

क्रमांकाशेजारी आणखी मजकूर असतो. रिकाम्या वाघिणीचे वजन, तिच्यात किती माल भरायचा, पुढची मोठी दुरुस्ती कधी करायची. टाकीच्या वाघिणीवर आत कोणता द्रव आहे आणि तो किती धोक्याचा आहे, याची सूचना असते. गळती झाली तर अग्निशमन दलाचा जवान आधी तीच वाचतो. या सगळ्या नोंदी संगणकात असतात हे खरे. पण समोर उभी असलेली वाघीण कोणती, हे संगणकाला सांगणार कोण? तिच्या अंगावरचा क्रमांकच.

एडवर्ड सीमोर या अमेरिकन गृहस्थाने १९४९मध्ये रंग दाबाखाली डब्यात भरून फवारण्याची युक्ती काढली. पुढे त्याच डब्यांनी अमेरिकेतल्या मालगाड्या रंगू लागल्या. तेथील अनेक रंगवणारेही वाघिणीचा क्रमांक टाळून चित्र काढतात. तो झाकला तर रेल्वेवाले चित्रावरच रंग फासून नवा क्रमांक लिहितात, हे त्यांना ठाऊक आहे! हे लोण आपल्याकडेही आले आहे. ऑक्टोबर २०२२मध्ये अहमदाबाद मेट्रोच्या डब्यांवर रंग फवारल्याबद्दल चार इटालियन तरुणांना अटक झाली. अशी चित्रे पडद्यावर पाहून कुणालाही वाटेल, आपणही एकदा करून पाहावे. पण थांबा. चित्रात एक गोष्ट दिसत नाही.

डोक्यावरची तार

अमेरिकेतल्या मालगाड्या बहुतेक डिझेलवर चालतात. त्या रुळांवर वरती तार नसते. आपल्याकडे रुंदमापी लोहमार्गांचे विद्युतीकरण जवळजवळ पूर्ण झाले आहे. कोल्हापूरची आणि कोकणातली गाडीही आता विजेवर धावते. तारेत २५,००० व्होल्टचा दाब असतो, घरातल्या विजेच्या शंभरपटींहून अधिक.

आता साधी बेरीज करा. कोळशाची उघडी वाघीण रुळापासून सुमारे ३.२ मीटर उंच. तिच्या काठावर उभ्या राहिलेल्या मुलाचा वर केलेला हात आणखी २ मीटर. हातातला रंगाचा डबा २० सेंटिमीटर. एकूण ५.४ मीटर. आणि तार? सुमारे ५.५ मीटर! मध्ये उरली जेमतेम वीतभरही नसलेली हवा.

हवा विजेची दुर्वाहक आहे, पण दाब फार वाढला की तीही फुटते आणि ठिणगी उडी मारते. म्हणजे तारेला हात लागायलाच हवा असे नाही. टोकदार वस्तू, दमट हवा, तोल सावरताना हललेला हात, एवढे पुरते. म्हणूनच तारेपासून निदान २ मीटर दूर राहावे असा रेल्वेचा नियम आहे. तारेवर बसलेल्या पाखराला काही होत नाही, कारण विजेला त्याच्यातून जमिनीकडे जायला वाट नसते. वाघिणीवरच्या माणसाच्या पायाखाली मात्र लोखंड, चाके आणि रूळ अशी थेट वाट तयार असते.

उभी गाडी उभी नसते

वर चढायचे नाही, खाली उभे राहूनच रंगवू, असे कुणी म्हणेल. भरलेल्या मोठ्या वाघिणीचे वजन सुमारे ८० टन. ती माणसाच्या चालीने, ताशी ५ किलोमीटर वेगाने सरकली तरी तिची गतिज ऊर्जा सुमारे ७७,००० जूल भरते. ६० किलो वजनाचा माणूस १३० मीटर उंचीवरून पडला तर जमिनीवर आदळताना त्याची ऊर्जा जवळपास एवढीच असेल! आणि वाघीण सरकताना फारसा आवाजही होत नाही. मालगाडी अर्ध्या किलोमीटरहून लांब असते. पुढे इंजिनाने ओढ दिली की तो हिसका एकेका जोडातून मागे येतो आणि स्वस्थ उभी असलेली वाघीण अचानक हलते. इंजिनचालकाला तुम्ही दिसतही नसता.

म्हणून १९८९च्या रेल्वे कायद्याने परवानगीवाचून रेल्वेच्या हद्दीत शिरणे आणि गाडीवरची अक्षरे वा आकडे पुसणे, बदलणे हे दोन्ही गुन्हे ठरवले आहेत.

मग चित्रे काढायचीच नाहीत का? जरूर काढा. चंद्रपूर आणि बल्लारशाह स्थानकांच्या भिंतींवर ताडोबाचे वन्यजीवन रंगवले गेले आणि २०१८मध्ये या स्थानकांना सुशोभनाचा देशातला पहिला पुरस्कार मिळाला. भिंत जागची हलत नाही, तिच्यावर तार नसते आणि तिचा क्रमांक कुणाला वाचायचा नसतो.

पुढच्या वेळी कोल्हापूरच्या फलाटावर किंवा बंद फाटकामागे उभे असाल, तेव्हा वही काढा. जाणाऱ्या एखाद्या वाघिणीचा क्रमांक टिपा आणि घरी येऊन पहारेकऱ्याची परीक्षा घ्या. उत्तर जुळले नाही तर वाघिणीला दोष देण्याआधी आपण टिपलेले आकडे पुन्हा तपासा. बहुधा चूक तेथेच सापडेल.