सोनखत : मलमूत्राचा सदुपयोग

उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या शहरांना प्रामुख्याने उल्हास खोऱ्यातून पाणी मिळते आणि त्यांचे सांडपाणीही अखेर त्याच खोऱ्यात उतरते. अंबरनाथ, उल्हासनगरमधून वाहणारी वालधुनी नदी आहे की नाला, असा प्रश्न नवख्यास पडावा अशी तिची अवस्था आहे. मलमूत्र पाण्यात सोडले की रोग पसरतात. तेच योग्य प्रक्रियेनंतर मातीत गेले, तर पीक पोसते. म्हणूनच जुन्या शेतकऱ्यांनी मैल्याच्या खतास ‘सोनखत’ असे नाव दिले.

वनस्पती जमिनीतून नत्र, स्फुरद व पालाश घेतात. अन्नावाटे ती द्रव्ये आपल्या शरीरात येतात व बहुतांशी मलमूत्रावाटे बाहेर पडतात. त्यातील नत्राचा मोठा भाग मूत्रात असतो. ही द्रव्ये नदीत गेली, तर शेताचे नुकसान होते आणि पाण्यात जलपर्णी माजते.

बायोगॅस संयंत्रात शेण वा मैला हवाबंद टाकीत कुजतो. तेथील जीवाणू मिथेन निर्माण करतात. गॅसमध्ये त्याचे प्रमाण साधारणतः ५५ ते ६० टक्के असते. सुमारे २५ किलो ताज्या शेणापासून एक घनमीटर गॅस मिळतो. शंभर निवासी विद्यार्थ्यांच्या मैल्यापासून दररोज दोन ते तीन घनमीटर, म्हणजे साधारण एक किलो सिलिंडरच्या गॅसइतके इंधन मिळू शकते. उरलेल्या मळीत नत्र टिकून राहते. मात्र जंतांची अंडी चिवट असल्याने ती मळी पुन्हा कंपोस्ट करूनच वापरावी. कच्च्या खाण्याच्या भाज्यांना घालू नये. शौचालयात ॲसिड व फिनेल बेताने वापरावे, अन्यथा जीवाणू मरतात.

हा प्रयोग आपल्याकडे नवा नाही. मुंबईत माटुंगा येथील कुष्ठरोग्यांच्या आश्रयगृहात १८९७ साली मैल्यापासून गॅस मिळवण्यात आला. कोकणात आप्पासाहेब पटवर्धन यांनी कणकवलीच्या गोपुरी आश्रमात शौचालय व खत यांची सांगड घातली. त्यापूर्वी, १९३२ साली तुरुंगात भंगीकाम करू द्यावे म्हणून त्यांनी उपोषण केले होते. त्यांच्यापासून प्रेरणा घेऊन डॉ. एस. व्ही. मापुसकर यांनी देहू येथे शौचालयास जोडलेली बायोगॅस संयंत्रे उभारली. २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री देण्यात आली.

परंतु येथे एक प्रश्न टाळता येत नाही : हे सोने उचलायचे कोणी? शतकानुशतके खताचा लाभ एकाचा आणि मैल्याची टोपली दुसऱ्याच्या डोक्यावर, अशी व्यवस्था होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ सालच्या ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’ मध्ये कामाच्या वाटणीआड माणसांचीच उतरंड कशी लावली आहे, हे दाखवून दिले. २०१३ च्या कायद्याने हाताने मैला उचलून घेण्यास बंदी आहे. तरीही टाक्यांतील विषारी वायूने सफाई कामगारांचे मृत्यू होतच आहेत.

म्हणून मलमूत्राच्या सदुपयोगाची पहिली अट अशी की त्याला माणसाचा हात लागता कामा नये. शौचालयाची नळी उताराने थेट संयंत्रास जोडावी, मळी आपोआप बाहेर यावी, टाकीत कोणास उतरावे लागू नये. आपल्या परिसरातील वसतिगृहांनी असे संयंत्र उभारले, तर स्वयंपाकघरास इंधन आणि बागेस खत मिळेल, नदीवरील भारही हलका होईल. त्याहून मोठा लाभ हा की, घाण कोणा एका जातीची नसून सर्वांची जबाबदारी आहे, हे विद्यार्थी दररोज डोळ्यांनी पाहतील.