पाहुण्यांच्या पायऱ्यांवर आबा

आमच्या घरात फुटबॉल आहे तो कोल्हापूरचा. वडिलांनी, म्हणजे आबांनी, तरुणपणापासून पेठेच्या संघासाठी घसा बसेपर्यंत आरोळ्या ठोकल्या. तेथे साऱ्या पेठांचे संघ एकाच शाहू स्टेडियमवर खेळतात. त्यामुळे दुसऱ्याच्या मैदानावर परका म्हणून उभे राहणे म्हणजे काय, हे आबांनी कधी अनुभवले नव्हते. तो अनुभव त्यांना वयाच्या ८१ व्या वर्षी इंग्लंडमध्ये आला.

आईला जाऊन वर्ष झाले होते. बदल म्हणून मी त्यांना माझ्या मुलीकडे, ब्रॅडफर्डला घेऊन गेलो. तीन आठवडे ते खिडकीपाशी बसून राहिले. बाहेर चला म्हटले की उत्तर ठरलेले : "गुडघे दुखतात." हे दुःख आहे, ओसरायला वेळ लागेल, असे निदान करून मी स्वस्थ बसलो. एके दिवशी नातीने विचारले, "आजोबा, शनिवारी आमच्या संघाचा सामना ॲक्रिंग्टनला आहे, याल का?" त्यांनी मान हलवली. रात्री मात्र मला हळूच म्हणाले, "गुडघ्याचं काही नाही रे. मध्येच लघवीला लागली, तर त्या परक्या गावात जागा कुठं शोधू?"

तीस वर्षे हा प्रश्न मी रुग्णांना विचारत आलो आहे. जन्मदात्याला विचारला नव्हता.

प्रोस्टेट ग्रंथी वाढलेले कितीतरी पुरुष, आणि लघवी रोखता न येणाऱ्या त्याहूनही कितीतरी स्त्रिया, याच एका भीतीने लग्नकार्ये, कीर्तने, यात्रा सोडतात. कारण सांगताना गुडघे पुढे करतात. घरच्यांनी हा प्रश्न एकांतात आणि सरळ शब्दांत विचारावा. प्रवासाच्या दिवशी पाणी बंद करणे हा उपाय नव्हे. त्याने चक्कर येते, बद्धकोष्ठता होते आणि लघवीचा जंतुसंसर्गही बळावतो. लघवी वाढविणारी गोळी त्या दिवशी किती वाजता घ्यावी, हे आपल्या डॉक्टरांना आधी विचारावे. ती स्वतःहून वगळू नये.

आम्ही बेत आखला तो शौचालयांच्या हिशेबाने. ब्रॅडफर्डहून ॲक्रिंग्टनला थेट रेल्वे आहे, सुमारे तासाभराची. स्थानकापासून मैदान मैलभर आणि रस्ता चढाचा, म्हणून तेथे टॅक्सी केली. आत शिरताच प्रथम शौचालय पाहून ठेवले, मगच उभे राहण्याची जागा निवडली.

ॲक्रिंग्टन हे लँकेशरमधले विटांसाठी ख्यात असलेले जुने गिरणगाव. १८८८ मध्ये फुटबॉल लीग स्थापन करणाऱ्या १२ संघांत या गावाचा संघ होता. आजचा ॲक्रिंग्टन स्टॅन्ली हा क्लब वेगळा. त्या नावाचा आधीचा क्लब कर्जापायी १९६२ मध्ये लीगमधून बाहेर पडला, पुढे बंदच झाला, आणि १९६८ मध्ये पुन्हा उभारलेला संघ २००६ मध्ये लीगमध्ये परतला. चौथ्या श्रेणीतले हे मैदान लहानसे, चार-पाच हजार माणसांचे. पाहुण्या समर्थकांसाठी एका गोलमागे उघड्या आभाळाखाली सिमेंटच्या पायऱ्या. १९८९ च्या हिल्सबरो दुर्घटनेत ९७ जीव गेल्यावर वरच्या दोन श्रेणींत प्रत्येकाला आसन सक्तीचे झाले. खालच्या श्रेणींत अशा उभे राहण्याच्या पायऱ्या उरल्या आहेत.

दोन तास थंडीत उभे राहणे वृद्धाला सोपे नाही. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो. उलट स्थिर उभे राहिल्याने रक्त पायांत साचते, आणि प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनी दाब एकाएकी उतरतो. म्हणून आबांना लोखंडी कठड्याला टेकवले. दर पाच मिनिटांनी टाचा उचलायला सांगितले. कानटोपी, पातळ कपड्यांचे तीन थर, खिशात खडीसाखर. छत्री नेली नाही. मागच्यांची दृष्टी अडते. मध्यंतरात तेथल्या एका स्वयंसेवकाला विनंती केली. त्याने निमूटपणे खुर्ची आणून दिली.

हृदयरोग्यांविषयी मात्र हातचे राखून बोलतो. २००६ च्या विश्वचषकात म्युनिक परिसरात जर्मनीच्या सामन्यांच्या दिवशी हृदयाच्या तातडीच्या तक्रारी २.६६ पट झाल्या होत्या, आणि त्यांतील बऱ्याच जणांना आधीपासून हृदयविकार होता. नुकताच झटका येऊन गेलेल्याने किंवा थोड्या श्रमाने छातीत दुखणाऱ्याने डॉक्टरांच्या परवानगीविना मैदानात जाऊ नये. घरी दूरचित्रवाणीसमोरही सांभाळून बसावे.

आबांना तो ताण दिसला नाही. उत्तरार्धात आमच्या बाजूला कॉर्नर मिळाला, तेव्हा शेजारच्या अनोळखी म्हाताऱ्याने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि दोघेही आपापल्या भाषेत ओरडले. वर्षभरात आबांचा तो आवाज मी ऐकला नव्हता. एकूण दोनदा त्यांना शौचालयाकडे जावे लागले. दुसऱ्या वेळी त्यांनी मला सोबत येऊ दिले नाही.

परतीच्या गाडीत त्यांनी नातीच्या फोनवर पुढील सामन्यांची यादी मागितली. या श्रेणीत एका हंगामात परगावचे २३ सामने असतात. एकेका गावाचे नाव ते अडखळत वाचत होते आणि दर नावापाशी थांबून विचारत होते, "या गाडीत संडास आहे ना गं?"