कुत्र्याची नखं निखळू लागली तर



आपल्या वसई-विरार पट्ट्यात वाडीवर, कोळीवाड्यात, चाळीत, पाड्यावर बहुतेक ठिकाणी दारात एखादा कुत्रा असतोच. रात्रीची राखण तो करतो. त्याला खायला घालणं आणि त्याचं दुखलंखुपलं बघणं मात्र घरातल्या बाईकडे येतं. म्हणून आज कुत्र्याच्या नखांच्या एका आजाराबद्दल बोलूया. हा आजार सहसा जीव घेत नाही, पण त्याच्या वेदना फार असतात. तो ओळखला नाही तर कुत्रा लंगडतो, चिडका होतो, पायाला हात लावला की चावायला येतो. मग घरचे म्हणतात, कुत्रा बिघडला. त्याला मारतात, नाहीतर लांब नेऊन सोडून देतात. कुत्रा बिघडलेला नसतो, त्याचा पाय दुखत असतो.

नख आणि जिव्हाळी

एखाद्याचं बोलणं मनाला लागलं की आपण म्हणतो, जिव्हाळी लागलं. ही जिव्हाळी म्हणजे नखाखालचा जिवंत, नाजूक भाग. कुत्र्याच्या नखात ती अगदी मध्यभागी असते. आत बोटाचं शेवटचं हाड, त्यावर रक्तवाहिन्या आणि नसा असलेली जिव्हाळी, आणि तिच्यावर टोपणासारखं बसलेलं टणक नख. दारात बोट सापडून आपलं नख निघालं तर काय कळ येते ते आपल्याला ठाऊक आहे. कुत्र्याला तर त्याच पायावर उभं राहायचं असतं. बहुतेक कुत्र्यांना अठरा नखं असतात, पुढच्या पायांना पाच-पाच आणि मागच्यांना चार-चार. मागच्या पायांनाही अंगठा असला तर वीस. यातली निम्मी जरी उघडी पडली तरी त्याचं काय होत असेल याचा विचार करा.

इजा की आजार?

एक सोपी खूण लक्षात ठेवा. एका पायाचं एक नख तुटलं तर ती बहुधा इजा असते. फटीत अडकलं, दगडावर आपटलं, फार वाढलं होतं म्हणून मोडलं. पण काही आठवड्यांत वेगवेगळ्या पायांची नखं एकामागून एक सैल होऊन निघू लागली, तर तो आजार समजायचा.

आमच्या एका गटातल्या ताईंच्या मोतीचं असंच झालं. जूनमध्ये पुढच्या पायाचं एक नख निघालं. कुठेतरी अडकलं असेल म्हणून त्यांनी हळद लावली. गणपती येईपर्यंत तीन पायांची सहा नखं गेली होती. मोती खात होता, ताप नव्हता, अंगावर खरूज नव्हती. फक्त दिवसभर पंजे चाटायचा आणि ओटीची पायरी चढायला तयार नसायचा.

डॉक्टरांच्या भाषेत या आजाराला ‘ल्युपॉइड ऑनिकोडिस्ट्रॉफी’ म्हणतात. नाव अवघड आहे, अर्थ सोपा आहे. शरीराची रोगांशी लढणारी शक्ती चुकून स्वतःच्याच नखांच्या मुळांवर हल्ला करते. मुळाशी पकड सुटते आणि नख निखळतं. त्या जागी येणारं नवं नख आखूड, कोरडं, वेडंवाकडं आणि ठिसूळ असतं. बहुतेक वेळा तरुण किंवा मध्यम वयाच्या, एरवी धडधाकट कुत्र्याला हा आजार होतो. जर्मन शेफर्डमध्ये तो जास्त दिसतो, पण कुठल्याही जातीच्या कुत्र्याला होऊ शकतो. तो दुसऱ्या कुत्र्याला लागत नाही, माणसालाही लागत नाही. कुणाची दृष्ट लागली म्हणून किंवा तुमच्या खाऊ घालण्यात काही चुकलं म्हणून तो होत नाही.

नखं खराब होण्याची कारणं मात्र आणखीही आहेत. जंतूंची लागण, बुरशी, बोटांच्या बेचक्यातल्या गोचिडी, पोटातले काही जंत यांनीही पंजे सुजतात. आणि म्हाताऱ्या कुत्र्याचं एकच बोट सुजलं, उपचार करूनही बरं होत नाही, असं असेल तर एक्स-रे काढायलाच हवा, कारण कधीकधी ती गाठ कर्करोगाची निघते. म्हणून निदान डॉक्टरांनीच करायचं. आपण करायचं ते नीट बघणं.

माणसाची गोळी देऊ नका

कुत्रा कण्हत असला की हात आपोआप घरातल्या गोळ्यांच्या डब्याकडे जातो. तिथेच थांबा. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या आपल्या दुखण्यावरच्या गोळ्यांनी कुत्र्याच्या पोटात व्रण होऊन रक्तस्राव होऊ शकतो, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. पॅरासिटामॉल त्याच्या यकृताला घातक ठरू शकतं.

गिधाडांचं उदाहरण घ्या. दुखणाऱ्या गुरांना डायक्लोफेनॅक दिलं जायचं. अशी गुरं मेल्यावर त्यांचं मांस खाऊन देशभरातली गिधाडं मूत्रपिंडं बिघडून मेली. शेवटी २००६ साली सरकारने जनावरांसाठी या औषधावर बंदी घातली. एकाला मानवणारं औषध दुसऱ्याचा जीव घेतं. कुत्र्यासाठी वेगळी वेदनाशामकं असतात, ती वजनावरून डॉक्टर देतात.

तसंच जखमेवर फिनाइल, रॉकेल, जळकं ऑइल, चुना, तंबाखू काहीही लावू नका. जिव्हाळी भाजते, आणि कुत्रा चाटतो म्हणून ते पोटातही जातं.

डॉक्टर काय करतात?

अगदी सैल झालेली, लोंबणारी नखं डॉक्टर भूल देऊन काढून टाकतात. घरी पकडीने ओढू नका. पू किंवा घाण वास असेल तर प्रतिजैविक देतात. मूळ आजारासाठी माशाच्या तेलातलं ओमेगा-३ आणि ई जीवनसत्त्व बऱ्याचदा देतात. जोडीला डॉक्सीसायक्लिन आणि ब गटातलं एक जीवनसत्त्व, किंवा पेन्टॉक्सिफायलिन हे औषध, आणि गरज पडली तर स्टेरॉइड. स्टेरॉइड चालू असेल तर ते मनाने एकदम बंद करायचं नाही.

खरी परीक्षा इथे आहे. गोळ्या सुरू केल्यावर आठवड्यात फरक दिसत नाही. नख मुळापासून वाढतं, हळू वाढतं. चांगलं नख मुळाशी दिसायला तीन-चार महिने लागतात, पूर्ण यायला त्याहून जास्त. पुष्कळ घरांत महिन्याभरात ‘काही उपयोग नाही’ म्हणून औषध थांबतं आणि पुन्हा नखं निघतात. बऱ्याच कुत्र्यांना काही औषध पुढेही चालू ठेवावं लागतं. म्हणून पहिल्याच भेटीत विचारा, औषध किती महिने चालेल, महिन्याला खर्च किती येईल, त्यात स्वस्त पर्याय आहे का. आपण गटाच्या कर्जाचा हप्ता आधी ठरवतो, तसंच हे.

बांगडा आणि तारलीत ओमेगा-३ असतं. मीठ-मसाल्याशिवाय उकडून, काटे काढून द्यायला हरकत नाही, पण ते औषधाच्या जागी नाही. कालवणातले तुकडे नकोत, कांदा-लसूण कुत्र्याला बाधतो. सुक्या खाऱ्या मासळीत मीठ फार असतं. कॉड लिव्हर तेलही मनाने देऊ नका. त्यात अ जीवनसत्त्व जास्त असतं आणि ते शरीरात साठतं.

घरची काळजी

अर्धा लिटर कोमट पाण्यात एक छोटा चमचा मीठ घाला. त्यात पंजा चार-पाच मिनिटं बुडवा. मग जुन्या सुती कापडाने बोटांच्या बेचक्यांसह कोरडा करा. आपल्याकडच्या पावसात हे फार महत्त्वाचं. चिखलात भिजलेला पंजा तसाच राहिला की जंतू वाढतात, उघड्या जखमेवर माशी बसून अळ्या पडतात. अळ्या दिसल्या तर त्याच दिवशी दवाखाना.

बाहेर नेताना स्वच्छ सुती मोजा घाला, पण रबरबँड लावू नका, रक्त अडतं. प्लास्टिकची पिशवी मोज्यावर फक्त पावसात, घरी आल्यावर लगेच काढा. झोपायला कोरडं गोणपाट द्या. चाटणं थांबत नसेल तर गळ्यातली प्लास्टिकची कोन मिळते.

नखं लांब ठेवू नका, लांब नख अडकतं आणि उचकटतं. दर आठ-पंधरा दिवसांनी कानशीने थोडं घासा. काळ्या नखात जिव्हाळी दिसत नाही, म्हणून थोडं थोडंच. रक्त आलंच तर स्वच्छ कापडाने पाच मिनिटं दाबून धरा.

पाय बघताना दुसऱ्या कुणाला डोकं धरायला सांगा, लहान मुलांना लांब ठेवा. वेदनेने मायाळू कुत्राही चावतो. चावला तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस घ्या. मिरची, चुना काही लावू नका. कुत्र्याची रेबीजची लस दरवर्षी चुकवू नका.

कुठे जायचं?

आधी जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना. १९६२ हा जनावरांच्या फिरत्या दवाखान्याचा मोफत फोन क्रमांक आहे. तुमच्या गावात गाडी येते का, कुत्रा बघतात का, ते विचारून घ्या. मोठी तपासणी लागली तर मुंबईत परळचं बैलघोडा हॉस्पिटल आपल्या आजी-आजोबांपासून माहीत आहे. मुंबईचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ साली तिथेच सुरू झालं.

जाताना वही न्या. पहिलं नख कधी निघालं, आतापर्यंत कुठल्या पायाची किती निघाली, खातो का, आधी काय औषध दिलं, एवढं लिहिलेलं असलं की डॉक्टरांचं अर्धं काम होतं. दर रविवारी पंज्यांचा मोबाईलवर फोटो काढा. सुधारणा इतकी सावकाश असते की रोज बघणाऱ्याला ती दिसत नाही, फोटोत दिसते.

मोतीची नखं होळीपर्यंत आली. वाकडी आहेत, पण घट्ट आहेत, आणि तो पुन्हा वाडीत फिरतो. ताईंनी सहा महिने औषध आणि मिठाचं पाणी एक दिवस चुकवलं नाही.

आणि एक. पाळलेलं जनावर उपाशी-तहानलेलं राहील असं सोडून देणं हा १९६०च्या प्राण्यांवरील क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. घरात असा विचार निघाला तर आधी एवढंच सांगा, थांबा, त्याचे चारही पंजे उजेडात बघू. आज घरी गेल्यावर आपापल्या कुत्र्याचे पंजे जरूर बघा, दुखत नसले तरीही. सवय असलेला कुत्रा आजारपणात पाय धरू देतो.