दहा दिवसांचा पगार

पहाटे साडेपाचला आमच्या दूध संकलन केंद्राचं शटर वर जातं आणि सहाच्या आत किटल्यांची रांग लागते. दूध काट्यावर, चमचाभर नमुना यंत्रात, फॅट आणि डिग्री, म्हणजे लॅक्टोमीटरचं वाचन, वहीत, की पुढचा. मी लग्न होऊन कोपरगाव तालुक्यातल्या या घरात आले, तेव्हा त्या वहीचा हिशेब सासरे, म्हणजे आमचे अण्णा, रात्र-रात्र बसून करायचे. आमच्याकडे दुधाचा पगार महिन्यातून तीनदा होतो: एक ते दहा, अकरा ते वीस आणि एकवीस ते महिनाअखेर. एकेका शेतकऱ्याचं सकाळ-संध्याकाळ मिळून वीस वेळचं दूध. दर वेळी फॅट वेगळी लागणार, म्हणून दरही वेगळा. त्यातून पेंडीचे पैसे आणि उचल वजा करायची. अण्णांची बेरीज चुकत नसे, पण डोळे चुकायला लागले होते.

मी संगणकाची पदविका केलेली. 2019 च्या उन्हाळ्यात, दूध कमी असतं त्या दिवसांत, मी घरच्या केंद्रापुरता प्रोग्राम लिहिला. आज तो अठ्ठावन्न केंद्रांवर चालतो. लिहिणारी, दुरुस्त करणारी आणि फोन उचलणारी मी एकटीच.

सॉफ्टवेअर विकणं आणि सॉफ्टवेअरची सेवा देणं यात फरक आहे. दिवाळी अंक एकदा विकत घेतला की व्यवहार संपला. मासिकाची वर्गणी भरली की दर महिन्याला अंक आला पाहिजे, नाही आला तर वाचक विचारणार. माझं काम वर्गणीचं आहे. केंद्रचालक महिन्याला पाचशे रुपये देतो. त्या बदल्यात त्याचा हिशेब रोज बरोबर निघाला पाहिजे, दरपत्रक बदललं तर त्याच दिवशी बदललं पाहिजे आणि रेंज गेली तरी काट्याजवळची रांग थांबता कामा नये. म्हणून माझा प्रोग्राम इंटरनेटशिवाय चालतो. नोंदी आधी तिथल्याच संगणकात बसतात, रेंज आली की वर जातात. शहरात बसून लिहिला असता तर हे मला सुचलं नसतं.

पहिल्या सहा केंद्रांना मी प्रोग्राम फुकट दिला. ती चूक होती. फुकट वापरणारा माणूस तक्रार करत नाही, गुपचूप वही पुन्हा काढतो. सहापैकी चार केंद्रांनी तसंच केलं आणि मला ते दोन महिन्यांनी कळलं. पैसे घ्यायला लागले त्या आठवड्यात पहाटे पावणेसहाला फोन आला, "ताई, काटा वजन पकडत नाही." त्या फोनने मला शिकवलं तितकं कुठल्याच पुस्तकाने शिकवलं नाही.

समोर आलेल्या अडचणीतून शिकण्याच्या बाबतीत मला काटकर बंधूंचं उदाहरण सगळ्यात जवळचं वाटतं. मूळचे सातारा जिल्ह्यातले कैलास काटकर दहावीनंतर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या कामाला लागले आणि पुढे त्यांनी स्वतःचं दुरुस्तीचं दुकान काढलं. धाकटे संजय संगणकशास्त्र शिकत होते. दुकानात व्हायरस लागलेले संगणक यायचे, त्यांवर संजय उतारा लिहायचे. 1993 मध्ये कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस, 1995 मध्ये क्विक हील हे अँटीव्हायरस आणि 2016 मध्ये कंपनी शेअर बाजारात. लोक यातला शेवटचा टप्पा सांगतात. मला पहिला मोलाचा वाटतो: रोग दुकानात चालत येत होता, म्हणून औषध नेमकं निघालं. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरची सुरुवातही घरच्याच गरजेतून झाली. भरत गोएंका यांनी वडिलांच्या धंद्याचा हिशेब नीट राहावा म्हणून ते लिहिलं.

सातव्या केंद्रावर माझ्या हातून मोठी चूक झाली. दुधाची एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून उरलेले घन पदार्थ, काढायचं एक सूत्र असतं: लॅक्टोमीटरच्या वाचनाचा चौथा हिस्सा, त्यात फॅटचा ठरावीक भाग आणि शेवटी एक ठरलेला आकडा. तो शेवटचा आकडा सगळीकडे सारखा नसतो. कुणी 0.36 धरतं, कुणी 0.44. मी आमच्या घरच्या केंद्राचाच आकडा तिथे ठेवला. गाईच्या दुधाला 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ ही पायरी धरून दर ठरतो, खाली गेलं की कपात. माझ्या आकड्यामुळे कित्येकांचं 8.5 चं दूध कागदावर 8.4 झालं. दहा दिवसांनी एका म्हाताऱ्या बाबांनी पावती पुढे केली, "पोरी, गाय तीच, चारा तोच, मग पैसे कसे उतरले?" मी घरी येऊन पुन्हा हिशेब केला. एकेचाळीस शेतकऱ्यांचे मिळून दोन हजार चारशे साठ रुपये कमी गेले होते. दुसऱ्या दिवशी पहाटे रोख घेऊन गेले आणि रांगेत उभं राहून ज्याचे त्याला दिले. तेव्हापासून नव्या केंद्रावर पहिले दहा दिवस वही आणि प्रोग्राम दोन्ही चालतात. दोन्ही पगार जुळले तरच वही बंद.

वाढ कशी झाली, हे मला नेहमी विचारतात. पत्रकं छापली होती, त्यातून एकही केंद्र आलं नाही. केंद्रं आणली ती दूध गोळा करणाऱ्या टेम्पोच्या ड्रायव्हरने. तो रोज वीसेक केंद्रांवर थांबतो. कुठे पावती पटकन निघते आणि कुठे भांडण चाललंय, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत नाही. चासनळी, संवत्सर अशी गावं एकामागून एक त्याच्या रस्त्यानेच जोडली गेली. नंतर 2024 मध्ये सरकारने गाईच्या दुधाला लिटरमागे पाच रुपये अनुदान जाहीर केलं. त्यासाठी जनावराच्या कानातल्या बिल्ल्याचा 12 अंकी क्रमांक आणि आधारशी जोडलेलं बँक खातं लागत होतं. ती माहिती नीट भरून देणारा प्रोग्राम हवा म्हणून एका महिन्यात अकरा केंद्रं आली. मी आजारी पडायची बाकी राहिले. आता महिन्याला दोनच नवीन केंद्रं घेते.

खर्चाचंही सांगते. शेतकऱ्याला दोन्ही वेळेला मेसेज जातो. रोमन अक्षरांत एका मेसेजमध्ये 160 अक्षरं मावतात, देवनागरीत फक्त 70. त्यापुढे दुसऱ्या मेसेजचे पैसे. इंग्रजीत पाठवा, असा सल्ला मिळाला. मी मजकूर कापून कापून बसवला: "कोड 27, स. 11.4 ली, फॅट 3.8, एसएनएफ 8.5, रु. 353.40". ज्याचं दूध आहे त्याला स्वतःचा हिशेब स्वतःच्या लिपीत वाचता आला पाहिजे, यावर मी तडजोड करणार नाही.

एकट्या माणसाच्या सेवेत खरी भीती एकच असते: ती बाई उद्या नसली तर? हा प्रश्न ग्राहकाने विचारायच्या आधी मीच त्याला सांगते. दर पगाराला संपूर्ण हिशेबाची फाइल त्याच्या पेनड्राइव्हवर आपोआप उतरते, ती साध्या एक्सेलमध्ये उघडते. मी नसले तरी कुणाचा पैसा अडणार नाही.

सेवा पुरवणाऱ्याला वर्षाला 20 लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही. माझ्या दराने ती रेषा ओलांडायला 334 केंद्रं लागतील. मला तितकी नकोत. पण ऊसतोडीच्या टोळ्यांच्या उचलीचा हिशेब, पाणीवापर संस्थांच्या पाळ्या, कांद्याच्या चाळी, ही सगळी कामं आजही वहीवरच चालतात आणि ती मी एकटी करू शकत नाही. आपल्या कोपरगावात अभियांत्रिकी महाविद्यालय 1983 पासून आहे. तिथल्या मुलामुलींना माझं सांगणं आहे: लॅपटॉप घरी ठेवा आणि एक दिवस पहाटे साडेपाचला आमच्या केंद्रावर या. काट्याच्या उजव्या बाजूला उभं राहायला जागा आहे.